आगगाडीच्या माध्यमातून बालकांना बल व गती या संकल्पनांची ओळख : एक विवेचन

सारांश :
बल आणि गती या भौतिकशास्त्राच्या मूलभूत संकल्पना होत. माध्यमिक स्तरावर न्यूटनचे नियम शिकवण्यापूर्वीच बालकाच्या मनात या संकल्पनांविषयी काही समजुती पक्क्या झालेल्या असतात. 'हलत्या वस्तूवर सतत जोर लागतो, जोर संपला की वस्तू थांबते' ही त्यांतील सर्वांत चिवट समजूत होय. पाच ते आठ वर्षे वयोगटातील मुलांना आगगाडीच्या साहाय्याने या समजुतीचा पुनर्विचार कसा करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विजेरीवर चालणारी खेळण्यातील गाडी या कामी अपुरी असून काही वेळा दिशाभूल करणारी ठरते, म्हणून खेळणे आणि खरी गाडी यांची तुलना हाच अध्यापनाचा गाभा असावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सूचक शब्द : बल, गती, जडत्व, घर्षण, आगगाडी, पूर्वकल्पना, बालशिक्षण.

प्रस्तावना :
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही सुमारे ३४ किलोमीटरची प्रवासी आगगाडी धावली आणि महाराष्ट्राच्या जीवनात आगगाडीने प्रवेश केला. तेव्हापासून आगगाडी हा येथील बालविश्वाचा अविभाज्य भाग झाला आहे. एकमेकांचे सदरे धरून 'झुकझुक गाडी' खेळला नाही असा मुलगा विरळाच. तथापि या परिचित वस्तूचा विज्ञानशिक्षणासाठी आपण पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष दोन छोट्या प्रसंगांमुळे वेधले गेले. विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षाच्या वर्गात एक प्रश्न लेखी विचारला होता. 'सपाट मार्गावर धावणाऱ्या लोकलचा वीजपुरवठा मोटरमनने बंद केला. गाडी पुढे धावतच आहे. या वेळी तिच्यावर पुढच्या दिशेने कोणते बल कार्य करते?' न्यूटनचा पहिला नियम तोंडपाठ असलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी 'गतीचे बल' किंवा 'आधीचे उरलेले बल' असे उत्तर लिहिले. पुढच्या दिशेने कोणतेही बल नाही, हे योग्य उत्तर फार थोड्यांनी दिले. त्याच आठवड्यात सहा वर्षांची भाची विजेरीवरची गाडी खेळत होती. बटण बंद करताच गाडी थांबली. 'का थांबली?' असे विचारता ती म्हणाली, 'तिच्यातला जोर संपला.'

या दोन प्रसंगांस संशोधन म्हणता येणार नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलीचे आणि बारा वर्षे शाळेत काढून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांचे उत्तर मूलतः एकच असावे, ही गोष्ट शिक्षकाला अस्वस्थ करणारी आहे. मधल्या काळात आपण व्याख्या शिकवल्या, समीकरणे शिकवली. पण मूळची समजूत जागची हलली नाही.

लेखाची उद्दिष्टे :
१. बल व गती यांविषयीच्या बालकांच्या पूर्वकल्पनांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. अध्यापनसाधन म्हणून आगगाडीचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे.
३. अल्पखर्चिक साहित्यातून करता येतील अशा कृती सुचवणे.
४. या अध्यापनाचा बालकांच्या सुरक्षिततेशी असलेला संबंध दाखवणे.

'जोर' या शब्दाची अडचण :
मराठी भाषक बालकाच्या बाबतीत एक अडचण भाषेतूनच उद्भवते. 'गाडी जोरात आली' या वाक्यात 'जोरात' म्हणजे वेगाने. 'दार जोरात ढकल' या वाक्यात 'जोरात' म्हणजे अधिक बल लावून. 'जोरात बोल' म्हणजे मोठ्याने. बल आणि वेग या दोन भिन्न राशींना बालकाच्या रोजच्या बोलण्यात एकच शब्द आहे. ज्याला वेग आहे त्याच्यात जोर आहे, असे त्याने मानले तर दोष बालकाचा नाही. त्याची भाषाच त्याला तसे सांगत असते.

यावर उपाय म्हणून पहिलीच्या वर्गात 'बल', 'त्वरण', 'जडत्व' हे पारिभाषिक शब्द आणणे उचित नाही. 'ओढणे', 'ढकलणे' आणि 'पळणे' ही बालकाची स्वतःचीच क्रियापदे पुरेशी आहेत. ओढणारा किंवा ढकलणारा कोणीतरी असतो. पळणे मात्र गाडीचे असते. 'आता गाडीला कोण ओढते आहे?' आणि 'आता गाडी किती पळते आहे?' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारण्याची सवय शिक्षकाने लावून घेतली, तर बल आणि वेग यांच्यातील भेद पारिभाषिक शब्दाविनाही रुजू लागतो.

बालकांच्या पूर्वकल्पना :
बालकांच्या वेगविषयक कल्पनांचा पद्धतशीर अभ्यास प्रथम जीन पियाजे यांनी केला. १९२८ साली दाव्होस येथे आईन्स्टाईन यांनी त्यांना विचारलेल्या प्रश्नातून हा अभ्यास सुरू झाला आणि १९४६ साली तो फ्रेंच भाषेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पियाजे यांनी लहान-मोठे दोन बोगदे मांडले. दोन बाहुल्या एकाच वेळी आत शिरल्या आणि एकाच वेळी बाहेर पडल्या. मोठ्या बोगद्यातील बाहुलीने अधिक अंतर कापले, म्हणजे तिचा वेग अधिक, हे उघड आहे. परंतु लहान मुलांनी दोघींचा वेग सारखाच सांगितला, कारण दोघी एकदमच बाहेर आल्या होत्या.

१९७९ साली सीगलर आणि रिचर्ड्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी समांतर रुळांवरील दोन खेळण्यांतील गाड्या वापरून असाच अभ्यास केला. कोणती गाडी अधिक वेगाने गेली, कोणती अधिक वेळ धावली आणि कोणती अधिक अंतर गेली, हे तीन प्रश्न वेगळे होते. पाच वर्षांची मुले तिन्हींचे उत्तर एकाच खुणेवरून देत. जी गाडी पुढे जाऊन थांबली तीच सर्व बाबतींत पुढे, असा त्यांचा निकष होता. तात्पर्य, बालक गतीची प्रक्रिया पाहत नाही. ते शेवटची स्थिती पाहते. म्हणून गाडी कोठून सुटली, केव्हा सुटली आणि वाटेत काय झाले याकडे त्याचे लक्ष वेधणे हे शिक्षकाचे पहिले काम ठरते.

खेळण्यातील गाडी आणि खरी गाडी :
विजेरीवरच्या खेळण्यात मोटार आणि चाके यांना जोडणारी दातेरी चक्रे असतात. मोटार बंद पडली की बहुधा तीच चक्रे चाकांना अडवून धरतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. शिवाय खेळण्याच्या अल्प वजनाच्या मानाने आसापाशी होणारे घर्षण बरेच असते. परिणामी 'जोर संपला की गती संपली' हा धडा बालक खेळण्याकडून रोज गिरवते.

खरी गाडी याच्या अगदी उलट वागते. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना दोन्ही फारच थोडे दबतात. त्यामुळे सपाट मार्गावर गाडीला होणारा प्रतिरोध तिच्या वजनाच्या मानाने नगण्य असतो. हा प्रतिरोध सरासरी वजनाच्या १/४०० धरला, तर ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी वीज बंद केल्यावर आणि ब्रेक न लावता सुमारे ८ किलोमीटर जाईल, असे साध्या गणिताने दिसते. मुंबईच्या लोकलचा मोटरमन दोन स्थानकांच्या दरम्यान काही अंतर वीज न वापरता गाडी तशीच धावू देतो, ते याच गुणधर्माच्या आधारे. म्हणजे जी समजूत खेळणे दृढ करते, तिचे खंडन खरी गाडी करते. दोन्ही समोरासमोर ठेवून 'ही लगेच थांबली, ती का थांबत नाही?' असे विचारणे हा या विषयातील सर्वांत फलदायी प्रश्न होय.

वर्गात करावयाच्या कृती :
पुढील कृतींसाठी रिकाम्या आगपेट्या, दोरा, रबरबँड, चिंचोके, दोन फळ्या, खडू आणि चाके सहज फिरणारी, विजेवर न चालणारी एक लहान गाडी एवढे साहित्य पुरते. परिसरातील वस्तूंमधून शिक्षणसाधने घडवण्याची परंपरा महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे फार पूर्वीच घालून दिली आहे. प्रत्येक कृतीपूर्वी 'काय होईल?' असे विचारून मुलांचा अंदाज फळ्यावर नोंदवावा. अंदाज न करता पाहिलेला प्रयोग ही केवळ करमणूक ठरते.

*१. मुलांचीच आगगाडी.* मुलांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश चालावे. शिक्षकाने टाळी वाजवताच पुढच्या मुलाने थांबावे. मागची मुले पुढच्यांवर किंचित आदळतात. 'तुला कोणी ढकलले होते का?' 'नाही, मीच थांबू शकलो नाही.' या उत्तरात जडत्वाचे बीज आहे. ही कृती मऊ जमिनीवर आणि केवळ चालण्याच्या वेगाने करावी.

*२. आगपेट्यांची गाडी.* आगपेट्या दोऱ्याने जोडून पुढे रबरबँड बांधावा आणि त्याला धरून गाडी ओढावी. रबरबँड किती ताणला गेला ते मुलांनी बोटाने मोजावे. पेटीत चिंचोके भरले, डबे वाढवले, की ताण वाढतो. पुढे पेट्यांखाली गोल पेन्सिली ठेवून ओढले की ताण एकदम कमी होतो. ओढण्याचे प्रमाण 'दिसू' लागणे हे या कृतीचे वैशिष्ट्य आहे. डोळ्यांना न दिसणारे बल येथे रबरबँडच्या लांबीत उतरते.

*३. अचानक थांबणे.* चाकांच्या गाडीवर एक चिंचोका ठेवून ती विटेवर आदळू द्यावी. गाडी थांबते, चिंचोका पुढे जातो. त्याला पुढे कोणी ढकलले? मुले प्रथम 'गाडीने' असे म्हणतील. परंतु गाडी तर थांबली होती. चिंचोका आधीपासूनच पुढे जात होता, त्याला थांबवणारे कोणी नव्हते, येथवर मुले चर्चेतून येऊ शकतात. बस किंवा लोकलमध्ये ब्रेक लागताच आपण पुढे झुकतो, हा अनुभव येथे जोडून घ्यावा.

*४. दोन गाड्यांची शर्यत.* खडूने दोन समांतर रूळ आखून दोन मुलांनी दोन गाड्या हाताने चालवाव्यात. एक गाडी मागून सुटून दुसरीच्या बरोबर थांबेल, असे करावे. 'दोन्ही एकाच जागी थांबल्या, मग दोन्ही सारख्याच पळाल्या का?' सुटण्याच्या जागा खडूने ठळक केल्या आणि टाळ्या मोजून वेळ धरली, म्हणजे अंतर आणि वेळ यांचा एकत्र विचार करण्याची सवय लागते.

घाटातील धडा :
पाचवी कृती स्वतंत्र विवेचनास पात्र आहे, कारण तिचा संबंध थेट सह्याद्रीशी आहे. कर्जत ते लोणावळा हा भोर घाटाचा मार्ग आणि कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा मार्ग, या दोन्हींवर १:३७ इतका तीव्र चढ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. या चढावर गाडीच्या वजनाचा सुमारे सदतिसावा भाग तिला मागे खेचतो. सपाटीवरील प्रतिरोधाशी तुलना करता हे प्रमाण जवळजवळ अकरा पट भरते. म्हणूनच घाटात गाडीला मागून ढकलण्यासाठी 'बँकर' इंजिने जोडावी लागतात. पुढून ओढणे आणि मागून ढकलणे ही दोन्ही बले एकाच दिशेने कार्य करू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान या अरुंद मार्गावर तर १:२० पर्यंत चढ असून तेथील छोटी गाडी अगदी सावकाश चढते.

घाट उतरताना प्रश्न उलटा होतो. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटली तर काय? त्यासाठी घाटमार्गावर 'कॅच सायडिंग' नावाची फाट्यासारखी लाइन बांधलेली असते. सुटलेली गाडी तिच्यावर वळवली जाते. ही लाइन चढाची असते. चढत जाताना गाडीचा वेग कमी होत होत ती थांबते.

वर्गात एक फळी उताराची आणि तिच्यापुढे दुसरी फळी चढाची अशी मांडणी करावी. पहिल्या फळीवरून सोडलेली गाडी दुसरीवर चढून थांबते. ही मुलांची कॅच सायडिंग झाली. आता दुसऱ्या फळीचा चढ कमी करावा. गाडी अधिक लांब जाते. आणखी कमी केला की आणखी लांब. शेवटी फळी पूर्ण आडवी केली तर? 'चढ नसेल तर तिला थांबवणार कोण?' हा प्रश्न मुलांनाच विचारावा. गॅलिलिओ यांनी उताराविषयीच्या आपल्या विचारात हाच मार्ग चोखाळला होता. चढ कमी करत गेल्यास वस्तू अधिकाधिक दूर जाते, म्हणून सपाटीवर अडथळा नसेल तर ती थांबण्याचे कारण उरत नाही, हा तो निष्कर्ष. १६८७ साली न्यूटन यांच्या ग्रंथात पहिल्या नियमाच्या रूपाने आलेला विचार येथे दोन फळ्यांवर उभा राहतो.

गाडी शेवटी थांबतेच, हे मुले अर्थातच सांगतील. तेव्हा तोच प्रयोग गोधडीवर, शहाबादी फरशीवर आणि गुळगुळीत टाइलवर करून गाडी थांबते तेथे खडूने खूण करावी. गोधडीवर ती लवकर थांबते, टाइलवर दूर जाते. गाडी आपोआप थांबत नाही, तिला कोणीतरी थांबवते, हे येथे मुलांच्या लक्षात येऊ लागते. घर्षण हा केवळ शत्रू नाही, हेही पुढे सांगता येते. पावसाळ्यात ओल्या रुळांवर इंजिनाची चाके घसरू नयेत म्हणून चाकांपुढे रेती सोडण्याची सोय इंजिनात केलेली असते. घर्षणाविना गाडी सुटणारही नाही आणि ब्रेकने थांबणारही नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न :
या विवेचनाचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते मर्यादित नाही. मुंबई परिसरातील उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना दरवर्षी शेकडो माणसे प्राण गमावतात. रुळांलगतच्या वस्त्यांतील मुलांना आगगाडी हे शेजाऱ्यासारखे परिचित वाहन असते. 'मी दिसलो की ड्रायव्हर गाडी थांबवेल' ही समजूत बटण बंद करताच थांबणाऱ्या खेळण्यावर पोसलेली असू शकते.

येथेही साधे गणित बोलके आहे. ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदास ०.५ मीटरने कमी होतो असे धरले, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास १०० मीटर लागतात आणि ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास ४०० मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर मात्र चौपट. मुलांना हे गणित नको. शाळेच्या मैदानावर ४०० मीटर चालवून आणले आणि 'ब्रेक तेथे लावला, गाडी येथे थांबली' एवढे दाखवले, तरी ते अंतर त्यांच्या पायांना कळते.

दुसरी बाब दृष्टिभ्रमाची. मोठ्या आकाराची वस्तू आहे त्यापेक्षा हळू येत असल्यासारखी भासते, हे लीबोविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली रेल्वे फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात मांडले होते. म्हणून 'गाडी लांब आहे, हळू येते आहे' या डोळ्यांच्या साक्षीवर विसंबू नये, हे मुलांना कारणासहित सांगणे आवश्यक आहे. 'रूळ ओलांडू नका' ही आज्ञा मुले विसरतात. 'गाडीला थांबायचे असले तरी ती थांबू शकत नाही' हे समजलेले मूल ती सहसा विसरणार नाही. स्थानकाची सहल काढल्यास फलाटावर सुरक्षित अंतरावर, पुरेशा मोठ्या माणसांच्या सोबतीने उभे राहून गाडी सुटताना आणि थांबताना किती वेळ लागतो, ते टाळ्या मोजून नोंदवावे. रुळांजवळ कोणताही प्रयोग कदापि करू नये.

शिक्षकाची भूमिका :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानून खेळाधारित शिक्षणावर भर देण्यात आला आहे. तो स्वागतार्ह आहे. तथापि खेळणे वर्गात आणले म्हणजे विज्ञान शिकवले असे होत नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. खेळणे काय शिकवते आणि काय चुकीचे शिकवते, याची पारख शिक्षकाला असावी लागते. ही पारख देण्याची जबाबदारी अध्यापक विद्यालयांची आणि महाविद्यालयांतील विज्ञान विभागांची आहे. प्राथमिक शिक्षकाच्या मनातही 'गतीचे बल' ही समजूत असेल, तर तो ती बालकाकडे सहज सोपवील.

बालकाचे चुकीचे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. भाचीचे 'जोर संपला' हे उत्तर तिच्या खेळण्याच्या बाबतीत तर्कशुद्धच होते. तिला 'चूक' असे सांगण्याऐवजी दोन फळ्या दिल्यावर तिने स्वतःच विचारले, 'ही गाडी बटणाशिवाय इतकी लांब कशी गेली?' त्या प्रश्नाचे उत्तर तिला अद्याप पूर्ण गवसलेले नाही. सहा वर्षांच्या वयात तशी अपेक्षाही नाही. प्रश्न मनात राहणे हीच या वयातील उपलब्धी होय.

निष्कर्ष :
१. बल आणि वेग यांची सरमिसळ मराठी भाषक बालकाच्या 'जोर' या शब्दातच अंतर्भूत आहे. ती 'ओढणे', 'ढकलणे' व 'पळणे' या क्रियापदांच्या साहाय्याने दूर करता येते.
२. विजेरीवरची खेळण्यातील गाडी 'गतीसाठी सतत बल हवे' ही समजूत दृढ करते. खऱ्या गाडीशी तुलना केल्याविना तिचा वापर करू नये.
३. घाटातील बँकर इंजिन आणि कॅच सायडिंग ही परिसरातील उदाहरणे बालकाला जडत्वाच्या कल्पनेपर्यंत नेऊ शकतात.
४. गाडी चटकन का थांबू शकत नाही याचे आकलन बालकाच्या जीविताशी संबंधित आहे.

समारोप :
प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना आपण बहुधा शालेय शिक्षणाला दोष देतो. परंतु शाळेतील शिक्षक आपल्याच महाविद्यालयांतून घडलेले असतात, हे विसरून चालणार नाही. प्रत्येक विज्ञान विभागाने वर्षातून एक दिवस जवळच्या प्राथमिक शाळेत दोन फळ्या आणि एक छोटी गाडी घेऊन जाण्याचा उपक्रम हाती घेतला, तर त्याचा लाभ बालकांइतकाच आपल्या विद्यार्थ्यांनाही होईल. सहा वर्षांच्या मुलाला 'गाडी का थांबली नाही?' हे समजावून सांगताना पहिला नियम केवळ पाठ आहे की खरोखर समजला आहे, हे त्यांचे त्यांनाच कळून येईल.